मन्मथअप्पा मास्तरांची खाण

मन्मथअप्पा मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दगड चाटत होते.

शाळेतला माझा पहिला दिवस. मी मराठीचा नवा शिक्षक, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात नेमणुकीचा कागद, आणि तोगरवाडीसारख्या आडगावात आपण आता भाषेचा उजेड पाडणार असा चेहरा. तोगरवाडी म्हणजे बीदरहून कमठाण्याच्या बाजूला जाताना लाल माळाच्या कडेला लागणारं गाव. शिक्षकांच्या खोलीत शिरलो तर खिडकीशी एक उंच, वाळका माणूस बसलेला. पांढरा सदरा, लेंगा, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, आणि हातात मुठीएवढा दगड. त्यांनी तो तोंडाजवळ नेला, लहान मूल कुल्फी चाटतं तसा मन लावून चाटला, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "या गुरुजी. चाटा."

नवी नोकरी होती. मी चाटला.

"काय झालं?"

"काही नाही. खारटही नाही."

"बरं. आता हा." त्यांनी खिशातून दुसरा काढला, पांढरट. मी तोही चाटला, आणि माझी जीभ त्याला जी चिकटली ती सुटेना. मास्तर टाळी वाजवून हसले. "चिकटली न्हवं? म्हंजे ती माती हाय. पहिला जांभा, दुसरी जांभ्याच्या खालची चिकणमाती. पुस्तकात चार पानं लिहिल्यात हो, पण जिभेला एका मिनिटात कळतंय."

अशा रीतीने माझ्या भूगर्भशास्त्राच्या शिक्षणाला तोंडानेच सुरुवात झाली.

मास्तर शाळेत भूगोल आणि विज्ञान शिकवायचे. चालताना त्यांची नजर कायम जमिनीवर. त्यामुळे गावातली माणसं ते चेहऱ्याने नाही, चपलांनी ओळखायचे. "काय पांडुरंग, अंगठा नवा बसवला वाटतं," असं म्हणून पुढे जायचे, आणि मग विजेच्या खांबाला धडकायचे. खांबाचीही माफी मागायचे. त्यांच्या खिशात एका जुन्या भोंग्यातलं कडं-चुंबक असायचं. त्याला सुतळी बांधून ते गावातल्या लाल धुळीतून ओढत न्यायचे. चुंबकाला काळ्या रेतीच्या मिशा फुटायच्या. मास्तर पुढे, सुतळी मागे, तिच्यामागे चुंबक, त्याच्यामागे दोन कुत्री, अशी मिरवणूक रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावरून जायची. लग्नाच्या पंगतीत हेच चुंबक खिशात घेऊन बसले, तर शेजारच्या बाईच्या अंबाड्यातल्या आकड्यांचं काही खरं नसायचं.

आणि त्यांचा एक लाडका शब्द होता: "पुरावा?"

कुणीही काहीही म्हटलं की मास्तर विचारणार, पुरावा? पाऊस येणार म्हणता, पुरावा? अमक्याच्या अंगात येतं म्हणता, पुरावा? घरीही तेच. त्यांच्या बायकोने, सुभद्राक्कांनी, आतून हाक दिली, "अहो, जेवण झालंय, या," की मास्तर ओसरीवरून, "पुरावा?" मग आतून ताट आपटल्याचा आवाज यायचा आणि अक्का म्हणायच्या, "हा घ्या पुरावा. गार झाला की पुन्हा मागू नका."

पण ज्या एका गोष्टीला मास्तरांना आयुष्यभर पुरावा हवा होता, ती गोष्ट गावाच्या डोक्यावर होती. माळाच्या टोकाला एक खड्डा होता. चांगला मोठा, तीसेक हात खोल, आणि त्याच्या पोटातून डोंगरात शिरलेलं एक आडवं भुयार, माणूस वाकून जाईल एवढं. गाव त्याला नुसतं 'बीळ' म्हणायचं. कुणी म्हणे तिथे सोनं पुरलंय. कुणी म्हणे ते थेट बीदरच्या किल्ल्यात निघतं. मास्तर म्हणायचे, "कायबी न्हाई. ती लोखंडाची खाण हाय. साध्या लोखंडाची. नांगराच्या फाळाची."

हे त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं ते त्यांच्या ओसरीवर, चहा गाळता गाळता. अक्कांच्या हातातली गाळणी त्यांनी काढून घेतली आणि माझ्यासमोर धरली.

"बगा गुरुजी. आपल्या पायाखाली खोल काळा दगड हाय. लाव्हा थंड होऊन झालेला. त्याच्यावर लाखो वर्षं पाऊस पडला. पाऊस काय करतो? विरघळंल ते धुऊन नेतो. चुना गेला, खार गेला, सगळं गेलं. जे विरघळत न्हाई ते वर राहिलं. हे असं." त्यांनी गाळणीतला चोथा दाखवला. "ह्यात लोखंड. तेच तांबडं दिसतंय. आपला अख्खा बीदरचा माळ म्हंजे चोथा हाय, चोथा!"

"आन त्या चोथ्यावर मी चाळीस वर्षं संसार केलाय," अक्का म्हणाल्या. "गाळणी द्या हिकडं. गुरुजींचा चहा राहिलाय."

मास्तरांचं म्हणणं असं. ह्या लाल जांभ्यात मधेमधे लोखंड फार दाट जमलेलं असतं, उचललं की हात खाली जातो इतकं जड. तो दगड शोधत जुन्या काळच्या भट्टीवाल्यांनी हा खड्डा खणला. वर मातीच्या, माणसाच्या उंचीच्या भट्ट्या होत्या. आसपासच्या झाडांचा कोळसा, कातड्याचे भाते, आणि निघणारं लोखंड विळ्या-कोयत्यांना. खणत खणत ते पांढऱ्या चिकणमातीपर्यंत पोचले आणि तिथे पाणी लागलं, कारण जांभ्यातून झिरपलेलं पाणी त्या मातीवर येऊन थांबतं. तरीही खाण पाण्याने बंद पडली नाही. "लोखंडबी संपलं न्हाई," मास्तर म्हणायचे. "झाडं संपली. कोळसा कशाचा करणार? तेवढ्यात रेल्वेनं कारखान्याचं स्वस्त लोखंड आलं. भट्टीवाल्यांनी भाते उचलले आन गेले. कुटं गेले, कोनालाच ठावं न्हाई."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज उतरायचा. जणू काही ते लोक कालपरवाच, यांना न सांगता गेले होते.

एका उन्हाळ्यात उदगीरकडचे चार जण बिळातलं सोनं काढायला आले. बरोबर लिंबं, नारळ आणि एक दाढीवाला जाणकार. गावाला वाटलं, आता मास्तर भर चौकात यांची शाळा घेणार. मास्तर गेले खरे, पण हात जोडून. "तुमी चुकीच्या जागी खणायलाव," ते त्या दाढीवाल्याला अदबीने म्हणाले. "हितं खणा. हितून हितपर्यंत. सरळ खणा, कडा ढासळू देऊ नका." त्यांनी काठीने रेघ मारून दिली. दाढीवाल्याला वाटलं, गावातल्या जाणत्या माणसाला जागा ठाऊक असणार. चौघांनी दोन दिवस घाम गाळला. मास्तर छत्री घेऊन काठावर. मधेच, "थोडं डावीकडं, व्हय, शाब्बास," असा उत्साह देत. दुसऱ्या दुपारी मास्तर एकदम ओरडले, "सापडलं!" चौघे खड्ड्यात उड्या टाकून गेले. मास्तरांच्या हातात मातीची एक फुटकी नळी होती, एका टोकाला जळून काच झालेली.

"भात्याची नळी!" मास्तर नाचत होते. "भट्टीत वारा घालायची! बारा वर्षं झाली, मला हितं चर खणायचा होता, मजूर कुटून आणू?"

जाताना त्या चौघांनी जे शब्द वापरले त्यातले दोन मला नवे होते. मराठीचा शिक्षक म्हणून मी ते टिपून ठेवले आहेत.

मग मास्तर निवृत्त झाले आणि मोकाट सुटले. आणि दोन वर्षांपूर्वी ती पंचायतीची बैठक झाली.

गावात कचऱ्याचा प्रश्न आला होता. वरून हुकूम आला, कचरा टाकायला जागा ठरवा. ग्रामपंचायतीचा अध्यक्ष नागनाथ, मास्तरांचाच जुना विद्यार्थी, याने नकाशा काढला. माळावरचा तो खड्डा सरकारी दप्तरात 'पडीक विहीर' म्हणून लागलेला. झालं. सोमवारपासून ट्रॅक्टर बिळात रिकामा करायचा असं ठरलं.

मास्तर उभे राहिले. "ती विहीर न्हाई. खाण हाय."

नागनाथ गालात हसला. शाळेत असताना वर्गात रोज ऐकलेला शब्द त्याने शांतपणे परत केला.

"पुरावा, मास्तर?"

सगळी बैठक हसत सुटली. कुणी टाळ्या दिल्या. मास्तरांनी पिशवीतून मातीची नळी काढली. नागनाथने ती उलटीपालटी करून पाहिली. "ही तर आमच्या आजीच्या फुंकणीसारखी हाय. मास्तर, खामखा तकलीफ करू नका. खाण असंल तर भट्टीतनं निघालेली लोखंडाची मळी पायजे का न्हाई? ढीग पायजे. कुटंय ढीग?"

ढीग नव्हता. एके काळी बिळाजवळ काळ्या, जड मळीचा टेकाडाएवढा ढीग होता म्हणतात, पण रस्ता झाला तेव्हा तो भरावात गेला. मास्तर तेव्हा परगावी ट्रेनिंगला होते आणि त्या ट्रेनिंगला त्यांनी आजवर क्षमा केलेली नाही. तरी त्यांनी बीदरच्या खाणखात्यात अर्जांवर अर्ज केले. शेवटी तिथून उत्तर आलं: अधिकारी शनिवारी पाहणीला येतील. पंचायतीनेही दिलदारपणे सांगितलं, शनिवारी पुरावा दाखवा, नाहीतर सोमवारी ट्रॅक्टर.

त्या आठवड्यात मास्तर जेवले नाहीत म्हणा ना. चुंबक घेऊन रस्त्याच्या कडेने रांगत फिरले. डांबराखालून काय निघणार? चिमूटभर काळी रेती. शुक्रवारी मी त्यांना बळेच ओढून नेलं ते आमच्या शिपायाच्या नातीच्या बारशाला. बाळ बघायला मास्तर पाळण्यापाशी वाकले, आणि खिशातलं चुंबक, "खट्!"

पाळण्याखाली फडक्यात बांधलेलं काहीतरी त्यांच्या सदऱ्याला येऊन चिकटलं. मास्तरांनी फडकं सोडलं. आतून काळा, भोकाभोकांचा, घामेजल्यासारखा चमकणारा दगड निघाला. आणि भर बारशात, वीसेक सुवासिनींच्या देखत, मास्तरांनी तो चाटला.

जो गदारोळ झाला तो मी इथे लिहीत नाही. पोरीच्या आजीने मास्तरांच्या हातावर पळी मारली एवढंच सांगतो. "पाळण्याखालचा दगड चाटता व्हय! दृष्ट लागंल माझ्या लेकराला!"

"अगं, ही मळी हाय! लोखंडाची मळी!" मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. पळीमुळे की आनंदामुळे, मला सांगता येणार नाही. "ही कुटून आणली?"

उत्तर आलं ते कोपऱ्यातून. तिथे रुक्माक्का सुपारी कातरत बसली होती. गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, नागनाथसुद्धा.

"बिळातून. आनि कुटून? मूल झालं की उशाशी लोखंड ठेवावं लागतंय. माझी सासू बिळापासून काळा दगड आणायची, मीबी आणायची; ढीग रस्त्यात गेला तवा पोतंभर घरात भरून ठिवलाय. जाताना येताना कोनाशी बोलायचं न्हाई. गावात हरेक घरात हाय."

मास्तर खाली बसले. "हरेक घरात? रुक्माक्का, तीस वर्षं मी हे हुडकायलोय! कामून सांगितलं न्हाई?"

"तुमी इचारलाव कवा?" रुक्माक्काने अडकित्ता खाली ठेवला. "तुमी दगडाला इचारत फिरलाव. बायकांला कोन इचारतंय?"

मास्तरांनी स्वतःचे कान धरले.

शनिवारी अधिकारी आल्या. तरुण मुलगी, पाठीवर पिशवी, पायांत बूट. मास्तरांचा विचार होता, गावातले सगळे दगड शाळेच्या पटांगणात मांडून ढीगच उभा करायचा. पण एकही बाई दगड उंबऱ्याबाहेर नेऊ देईना. दगड घराबाहेर गेला की दृष्ट आत येते. मास्तरांनी विज्ञान सांगितलं, शपथा घातल्या, शेवटी हात जोडले. नाही म्हणजे नाही.

"मंग ढीग हिकडं येत न्हाई," मास्तर म्हणाले, "तर मॅडम ढिगाकडं जातील."

आणि निघाली वरात. पुढे रुक्माक्का, मागे मास्तर, मग वही घेऊन मॅडम, मग खोटं हसत नागनाथ, आणि शेवटी मी. पहिल्या घरात पाळणा, दगड, चुंबक, खट्. मॅडमनी भिंग लावून पाहिलं, लिहून घेतलं. आणि चहा. दुसऱ्या घरात दगड, खट्, चहा. तिसऱ्या घरी ओलं खोबरं घातलेले पोहे. सातव्या घरात मॅडमना कुणीतरी "लग्न झालं का गं, अक्का?" असं विचारलं, नाही म्हटल्यावर त्यांच्याही हातात एक दगड द्यायची तयारी चालली. अकराव्या घरात मॅडमनी चहाचा कप हाताने झाकला तर घरच्या बाईने भरलेली बशीच पुढे केली. बिचारी तिथे भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "सर, पुरे. पटलं. इतकी मळी विहिरीतून येत नाही. इथे भट्ट्या होत्या."

"एक घर राहिलंय," रुक्माक्का म्हणाली.

"कुनाचं?"

"तुमचं."

मास्तर हसले. "आमच्या घरात हे असलं कायबी न्हाई. आमच्या घरात विज्ञान चालतंय."

सुभद्राक्का उठल्या. आतल्या खोलीत गेल्या, मास्तरांच्या पलंगाच्या डोक्याकडची गादी उचलली, आणि तिथून एक फडकं काढलं. गावातला सगळ्यात मोठा दगड. मास्तर त्यावर, कोण जाणे किती वर्षं, डोकं ठेवून झोपत होते.

"पोरगं झालं तवाचा हाय," अक्का म्हणाल्या. "पोरगं मोठं झालं, हैदराबादला गेलं. मंग मी तुमच्या उशाशी ठेवला. रोज त्या बिळात शिरताव. एकटे. मी काय करणार?"

नागनाथसुद्धा दुसरीकडे बघू लागला. मास्तरांनी दगड हातात घेतला. आता चाटणार, असं मला वाटलं. त्यांनी नाही चाटला. फडक्यात बांधून होता तिथे ठेवला आणि गादी नीट केली.

पण नाटक संपलं नव्हतं. जीपमध्ये बसताना मॅडम म्हणाल्या, "मी अहवाल देते. पण तो वर जाऊन खाली यायला किती महिने लागतील, सांगता येत नाही." नागनाथने खांदे उडवले. दप्तरात नोंद बदलेपर्यंत ती विहीरच. ट्रॅक्टर सोमवारी.

सोमवारी सकाळी मास्तर बिळाच्या काठावर छत्री उघडून बसले. मला म्हणाले, "गुरुजी, कचरा पडलाच तर माझ्या अंगावर पडू दे. निदान त्याच्यात माझ्या घरचा किती हाय ते कळंल." ट्रॅक्टर आला. काठावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, बिळाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, चप्पल काढली, आणि परत वर जाऊन बसला.

"अध्यक्ष, म्या न्हाई टाकत," तो फोनवर ओरडून सांगत होता. "माझ्या पोरीच्या पाळण्याखालचा दगड हितलाच हाय म्हणं. उद्या पोरगी रडाय लागली तर तुमी येणार का?... मंग तुमीच येऊन टाका. तुमचाबी दगड हितलाच हाय, रुक्माक्का सांगायलीय."

नागनाथ आला नाही. नंतर कळलं, त्याच्या आईने त्याला दारातच अडवलं होतं.

अशी खाण वाचली. तीस वर्षांचं विज्ञान, मातीची नळी, खाणखात्याचे अर्ज यांनी जे झालं नाही ते दृष्टीच्या भीतीने झालं. मास्तर दोन दिवस नुसते आनंदात होते. तिसऱ्या दिवशी बिळावर गेले तर तोंडाशी हळदीकुंकू. पाचव्या दिवशी नारळ. महिन्याभरात बाळंतिणी, नवसाच्या बायका, कमठाण्याहून, पार चिंताकीहून जीप करून यायला लागल्या. मास्तर संतापाने लाल झाले, अगदी जांभ्यासारखे. "अगं, ही देवी न्हाई! लोखंडाची खाण हाय! नारळ नका फोडू, कडा ढासळतील!" बायका त्यांना नमस्कार करायच्या. पुजाऱ्याचा स्वभाव जरा तापट आहे, असं म्हणायच्या.

मग मास्तरांनी नवा कायदा काढला. नमस्कार करा, पण आधी ऐकून घ्या. ते बिळाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि आलेल्या प्रत्येक बाईला काळा दगड, पाऊस, चोथा, भट्ट्या, संपलेली झाडं सगळं सांगायचे. प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय दगड द्यायचे नाहीत. आणि कडेचा दगड उचलायला मनाई. पावसात रस्त्याची कड ढासळून आतला मळीचा भराव उघडा पडला होता, तिथूनच आणून द्यायचे.

गेल्या श्रावणात माझी बदली झाली. निरोप घ्यायला मी माळावर गेलो. दहा-बारा बायका ओळीत उभ्या, मास्तर त्यांच्याकडे पाठ करून भुयाराच्या भिंतीशी. भिंत पाणावलेली, खडू तिच्यावर उठेना. म्हणून त्यांनी कुणाच्या तरी पूजेच्या ताटातली कालवलेली हळद बोटाने घेतली होती आणि भिंतीवर डोंगराचा उभा छेद काढत होते. वर जांभा, मध्ये चिकणमाती, खाली काळा दगड. तीन जाड पिवळे पट्टे. झाल्यावर ते वळले.

ओळीतल्या सगळ्या बायकांनी त्या आकृतीला हात जोडले. एक म्हातारी तर पुढे येऊन मधल्या पट्ट्याला डोकं टेकवून गेली.

मास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं. मी वाट पाहत राहिलो. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा भिंतीकडे वळले, ताटातली हळद बोटावर घेतली, आणि म्हातारीने जिथे डोकं टेकवलं होतं तिथेच, ठळक अक्षरांत लिहिलं: चिकणमाती.